बारीक पट्ट्या आणि कॅबिनेटच्या कामाला पिन नेलर कुठला घ्यावा?

काटकोन
मंडळी, हौस म्हणून सुरू केलेलं सुतारकाम आता जरा अंगावर आलंय, ओळखीपाळखीतले लोक कपाटं आणि शेल्फ करून मागतात. सांगाड्याचं काही अडत नाही, तिथे स्क्रू आहेत, डॉवेल आहेत. अडतं ते शेवटच्या नाजूक कामात. दरवाज्यावरची ८-१० मिमीची मोल्डिंग, प्लायच्या कडेची लाकडी लिपिंग (कड झाकणारी पट्टी), काच धरणारी पट्टी, कपाटाच्या माथ्यावरची कॉर्निस. सध्या बारीक खिळ्याचं डोकं पकडीने उडवतो, हातोडीने ठोकतो, पंचने आत घालतो, मग पुट्टी. वेळ जातो आणि पातळ पट्टी फुटते ती वेगळीच.
तर २३ गेजचा पिन नेलर (तारेसारख्या बारीक पिना मारणारं मशीन) घ्यावा, की १८ गेजच्या ब्रॅड नेलरवर (छोट्या डोक्याच्या खिळ्या मारणारं) सगळं भागेल? हवेवरचा की बॅटरीचा? ३५ मिमीपर्यंत पिन घेणारा पुरेल, की ५० वाला? रंगकामाचा एक छोटा कंप्रेसर आहे माझ्याकडे. वापरणाऱ्यांनी सांगा, जाहिरातीतलं मी वाचलंय.

भुस्सा
वाखुसा (वाचनखूण साठवली). मलाही घ्यायचाय.

रंधामास्तर
आधी गेजचा घोळ मिटवू कारण नवीन माणूस तिथेच गडबडतो. आकडा वाढला की जाडी कमी होते. १५ गेजची खिळी साधारण १.८ मिमी, १६ ची १.६, १८ ची १.२ आणि २३ ची जेमतेम ०.६. म्हणजे १८ वरून २३ वर आलात की जाडी निम्मी झाली आणि लाकडात घुसणारं लोखंड पाव झालं. म्हणून पट्टी फुटत नाही आणि भोक शोधावं लागतं.
पण याचीच दुसरी बाजू दुकानदार सांगत नाही. २३ ची पिन काहीही धरून ठेवत नाही. तिला बहुतेक वेळा डोकं नसतं, पट्टी हाताने ओढलीत तर पिन जागेवर राहते आणि पट्टी सरळ वर निघून येते. त्यामुळे पिन नेलरला खिळे मारायचं मशीन समजून घेऊ नका, तो क्लॅम्प आहे. धरायचं काम ग्लूचं, ग्लू वाळेपर्यंत पट्टी हलू न देणं एवढंच पिनचं. जिथे ग्लू लावणार नाही किंवा लावता येत नाही (रंगवलेली भिंत, लॅमिनेट) तिथे पिन नेलर निरुपयोगी आहे असंच धरा.
तुम्ही लिहिलेल्या यादीत मोल्डिंग, लिपिंग, काचपट्टी ही तिन्ही कामं २३ ची. कॉर्निस जड असेल तर १८.

आडवाहात
मास्तरांशी असहमत. एकच मशीन घ्यायचं असेल तर डोळे झाकून १८ गेज घ्या. त्याला छोटं का होईना डोकं असतं, ते धरतं. मागचा पातळ प्लाय, ड्रॉवरचा तळ, चौकटीची पट्टी, सगळं होतं. भोक दिसतं म्हणे, अरे मग पुट्टी कशाला असते? २३ गेज हे ज्याच्याकडे बाकी सगळं घेऊन झालंय त्याचं खेळणं आहे.

लाखेची_कांडी
@आडवाहात, रंग मारणार असाल तर पुट्टी. पॉलिश करणार असाल तर त्याच पुट्टीने मला रडवलंय, माझं काम पॉलिशचंच आहे म्हणून बोलते. १८ ची खिळी आयताकृती चीर पाडते, ती भरली आणि वरून स्टेन मारला की लाकूड स्टेन पितं आणि पुट्टी वेगळ्याच हिशेबाने पिते. आठ फुटी पट्टीवर वीतभर अंतराने ठिपक्यांची रांग. मग गिऱ्हाईक पॉलिशवालीला विचारतं, सुताराला नाही.
२३ चं भोक पॉलिशचा पहिला हात बसल्यावर मेणाच्या कांडीने नुसतं घासून टाकायचं. बरेचदा तेही लागत नाही.
आणखी एक, जे इथे कोणी लिहिणार नाही. ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात साधी लोखंडी पिन मारून वरून पाण्याचं पॉलिश दिलं तर पिनेभोवती काळा डाग उमटतो. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळं होणारच. अशा कामाला स्टेनलेसच्या पिना घ्या, बाहेर ठेवायच्या वस्तूलाही त्याच.

खिळेमोड
धाग्याचा गेज १८ वरून २३ वर चाललाय, आता मुद्दे दिसेनासे होणार. हलके घ्या.

काटकोन
@लाखेची_कांडी, हे फार कामाचं निघालं. माझी निम्मी कामं पॉलिशची असतात.
@आडवाहात, मागचा प्लाय आणि ड्रॉवरचा तळ मी स्क्रूनेच बसवतो आणि तसंच चालू ठेवणार. प्रश्न फक्त समोर दिसणाऱ्या पट्ट्यांचा आहे.

आडवाहात
मग ठीक. पण कॉर्निसच्या वेळी माझी आठवण येईल.

गुण्या
हवा की बॅटरी यावर कोणी बोललं नाही अजून. माझ्याकडे दोन्ही आहेत म्हणून सांगतो. हवेवरचा पिन नेलर अगदी हलका, साधारण एक किलोच्या आसपास, नाक बारीक, कोपऱ्यात शिरतो. बॅटरीवाला त्याच लांबीच्या पिनांसाठी जवळपास दुप्पट वजनाचा, वर डोकं जाड, त्यामुळे कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात पट्टी आणि मशीन एकत्र दिसतच नाहीत, अंदाजाने मारावं लागतं. मकिताचा एएफ३५३ (हवेचा) आणि डीपीटी३५३ (१८ व्होल्टचा) हे दोन शेजारी ठेवून हातात धरून बघा, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. दोन्ही ३५ मिमीपर्यंतचे.
बॅटरीचा फायदा एकच पण मोठा: लोकांच्या घरी जाऊन दोन पट्ट्या बसवायच्या असतात तेव्हा कंप्रेसर उचलून जिना चढावा लागत नाही, पाइप पायात येत नाही आणि घरातलं तान्हं बाळ झोपलेलं असेल तर शिव्या खाव्या लागत नाहीत.
तुमच्याकडे कंप्रेसर आहे आणि काम स्वतःच्या टेबलावर, तर हवेचाच घ्या. पिन नेलर हवा फारच कमी खातो, रंगाच्या गनला लागते त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. ६ लिटरची टाकीसुद्धा आरामात चालते.

भुस्सा
प्रेशर किती ठेवता?

गुण्या
बहुतेक मॉडेल ७० ते १०० पीएसआयमध्ये सुखी असतात. मऊ लाकडाला ७० च्या जवळपास, कठीण लाकडाला वाढवत न्यायचं. पिन वर राहिली तर वाढवा, नाकाचा ठसा उमटून पिन खोल गेली तर कमी करा. आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर मारून बघायचं, थेट कामावर नाही. मशीनवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र जाऊ नका.

लाखेची_कांडी
रंगकामाचा कंप्रेसर म्हणालात म्हणून: काही लोक हवेच्या लाइनला तेलाची बाटली लावतात, नेलरला आपोआप वंगण मिळावं म्हणून. तसलं काही लावू नका. तेच तेल पाइपमध्ये बसतं, आणि त्याच पाइपने नंतर गन चालवली की पॉलिशमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. नेलरला तेल लागत असेल तर त्याच्या तोंडाशी एखादा थेंब हाताने, नंतर भंगार लाकडावर थोड्या पिना मारून तोंड कोरडं करून घ्यायचं. बिनतेलाचं मॉडेल मिळालं तर ही कटकटच संपली. आणि टाकीतलं पाणी रोज काढा.

सावकाश_चालू
मला हे सगळं वाचून गंमत वाटते. पातळ पट्टी बसवायला मशीन लागतंच कशाला? ताजा गरम सरस लावायचा, पट्टी ठेवायची, दोन-चार वेळा पुढेमागे घासायची, ग्लू आटत आला की ती आपोआप धरते आणि मग हलवू म्हटलं तरी हलत नाही. लिपिंगला चिकटपट्टी ताणून लावायची, तिचा ताण पुरतो. शून्य भोकं. मेणाची कांडी नको नि स्टेनलेस नको.

खिळेमोड
आयडी सार्थ केलात काका.

रंधामास्तर
@सावकाश_चालू, घासून चिकटवणं मीही करतो, लहान तुकड्याला त्याच्यासारखं काही नाही. पण आठ फुटी मोल्डिंग घासणार कशी? आणि वक्राकार मोल्डिंगवर क्लॅम्प बसत नाही, चिकटपट्टी तिच्या माथ्यावरून घसरते. तिथे पिन लागतेच.
मात्र तुमच्या शून्य भोकांच्या हट्टासाठी एक युक्ती. दोन सपाट लाकडं चिकटवताना ग्लूवर घसरतात, क्लॅम्प आवळला की एक इकडे एक तिकडे. तेव्हा एका लाकडात आतल्या बाजूला, म्हणजे जी बाजू झाकली जाणार तिथे, दोनतीन पिना मारायच्या आणि पकडीने कापून दीडदोन मिमी वर ठेवायच्या. दुसरं लाकूड नेमक्या जागी धरून दाबायचं, पिनांची टोकं त्यात रुततात. काढून ग्लू लावून परत त्याच खाचांत बसवायचं आणि बिनधास्त आवळायचं. बाहेर एकही भोक नाही आणि तसूभर हलत नाही. माझ्या पिन नेलरचा अर्धा वापर हाच असेल. जिग आणि टेम्प्लेट तात्पुरतं ठोकायलाही तोच.

सावकाश_चालू
हे मात्र मान्य. मी यासाठी ग्लूवर मिठाचे चार कण टाकतो, पण तुमची पद्धत नेमकी आहे.

आडवाहात
माइटरच्या (४५ अंशात कापून जोडलेल्या) कोपऱ्याला इन्स्टंट ग्लू आणि अ‍ॅक्टिव्हेटरचा स्प्रे, दहापंधरा सेकंदात जोड तयार, पिन मारायचीच गरज नाही. दोन्ही पट्ट्या खाली जमिनीवर जोडून मग कोपरा अख्खा उचलून कपाटाला लावायचा.

गुण्या
+१. पण तो कोपरा कपाटाला लावताना परत पिनच मारता ना :)

नाकासमोर
सुरक्षिततेवर कोणीच बोललं नाही म्हणून लॉगिन केलं. मोठ्या नेलरला नाक लाकडावर दाबल्याशिवाय सुटत नाही अशी सोय असते. पिन नेलरमध्ये बऱ्याच मॉडेलना ती नसते, कारण ते नाक मग जाड होतं आणि नाजूक पट्टी दाबली जाते. त्याऐवजी ट्रिगरलाच सेफ्टी असते, ग्रेक्सच्या पी६३५ ला दोन ट्रिगर आहेत, दोन्ही बोटं दाबल्याशिवाय उडत नाही. म्हणजे मशीन हवेत धरून दाबलं तरी पिन सुटते, हे डोक्यात पक्कं बसवून घ्या. चष्मा घालाच. पिन अडकली तर पाइप काढल्याशिवाय नाकाला हात लावायचा नाही, बॅटरीचं असेल तर बॅटरी काढून.
आणि पट्टी धरलेला हात. ०.६ मिमीची तार लाकडातली कठीण रेष लागली की वळते आणि बाजूने बाहेर येते. पिन जेवढी लांब, त्याहून जास्त अंतरावर बोटं. ३० ची पिन असेल तर बोट ३० मिमीच्या आत नकोच. बारीक असते म्हणून लोक हलक्यात घेतात, ती नखाच्या आरपार जाते आणि बाहेर काय दिसतं तर एक लाल ठिपका.

भुस्सा
बोटं मोजून पाहिली. सगळी आहेत. अजून नेलर घेतलेला नाही.

रंधामास्तर
नाकासमोर यांनी मुद्द्याचं सांगितलं. पिन कुठल्या बाजूला वळेल हे थोडंफार आपल्या हातात असतं. पिनेचं टोक पटाशीसारखं दोन बाजूंनी उतरतं केलेलं असतं, त्यामुळे ती वळली तर मॅगझिनच्या (पिनांची पट्टी भरायचा खण) डावीकडे किंवा उजवीकडे वळते, मॅगझिनच्या दिशेने पुढेमागे सहसा नाही. म्हणून प्लायच्या कडेवर लिपिंग मारताना मशीन कडेला आडवं धरायचं, मॅगझिन कडेच्या लांबीला काटकोनात. मग पिन वळली तरी कडेच्या लांबीतच जाते, प्लायच्या तोंडातून बाहेर येत नाही. उलट धरलं तर दर्शनी बाजूने टोक डोकावणार आणि लॅमिनेटखाली फोड येणार.

काटकोन
माझं नाव घेतल्यासारखं वाटलं :) हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. आता ३५ की ५० ते सांगा कोणीतरी.

गुण्या
३५. साधा हिशेब: पट्टीच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट पिन. १० मिमीच्या मोल्डिंगला २५ किंवा ३० झालं. ५० ची पिन कधी लागणार? जाड कॉर्निसला. आणि तिथे पिनेपेक्षा ब्रॅड बरा.

आडवाहात
बघा, आली आठवण.

नाकासमोर
५० वाल्याच्या बाजूनेही थोडं बोलतो. ग्रेक्सच्याच पी६५० सारखी मशीन ५० पर्यंत घेतात आणि छोट्या पिनाही घेतात, म्हणजे पैसा एकदाच. पण कठीण लाकडात ५० ची बारीक पिन सरळ जाईल याची खात्री नाही, अर्ध्यात वाकते किंवा वरच राहते. मऊ लाकडात आणि एमडीएफमध्ये (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) ठीक. घ्यायचंच असेल तर या समजुतीने घ्या.
त्यापेक्षा खालची मर्यादा बघा. काही मशीन १५ मिमीपासून पुढे घेतात, काही त्याहून लहानही घेतात. काचपट्टीला आणि पातळ बॉक्सच्या कामाला ती लहानच लागते.

लाखेची_कांडी
काचपट्टीचं निघालं म्हणून, काचेवर पुठ्ठा धरून त्यावर मशीन टेकवा. पिन नेलरचा धक्का हातोडीच्या मानाने काहीच नाही, तरी नाक काचेवर घासलं की ओरखडा कायमचा. आणि पिन काचेकडे तिरकी नको, समांतर.

चौथाई_इंच
उशिरा आलो, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिलीय असं माझं मत. पिना संपल्या की मशीन लॉक व्हायला पाहिजे. ज्याला ही सोय नाही ते फटफट वाजत राहतं, पिस्टनची पाती लाकडावर बारीक ठसा उमटवते, तो ठसा हुबेहूब पिनेच्या भोकासारखा दिसतो. तुम्हाला वाटतं अख्खी पट्टी मारून झाली, उचलायला जाता तर हातात येते. ०.६ मिमीची पिन गेली की नाही हे डोळ्यांनी कळतच नाही. वर रिकामं मारत राहिलं की ती पातळ पाती वाकते ते वेगळं. लॉक नसलेलं मशीन स्वस्त असतं आणि ते का स्वस्त आहे हे मग कळतं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही.
आणि मॅगझिनला खिडकी असावी, किती पिना उरल्या ते दिसावं.

रंधामास्तर
शंभर टक्के. कंपनीच्या आधी हे बघा: लॉक, नाकाची जाडी, लांबीचा पल्ला, आणि बदली पाती व रबरी रिंगा मिळतात का. पिना नेहमी मिळतील अशाच मापाच्या. थोडं डोकं असलेल्या पिना हव्या असतील तर मशीन त्या घेतं का तेही विचारा, सगळी घेत नाहीत.

भुस्सा
बाळबोध प्रश्न. डोकं नाही म्हणता, मग पिनांची पट्टी उलटी भरली तर?

चौथाई_इंच
तर बोथट टोक पुढे जातं, पिन वाकते आणि मशीन अडकतं. बहुतेक पट्ट्यांवर बाजूला बाण छापलेले असतात, ते टोकाची दिशा दाखवतात. बाण नसले तर अंगठ्याने हळूच चाचपा.

सावकाश_चालू
चुकून मारलेली पट्टी काढायची कशी तेही सांगून ठेवा मुलांना.

गुण्या
पातळ पटाशी किंवा पुट्टीची पाती घालून पट्टी हळूहळू उचलायची, ग्लू ओला असेल तर निघते. पिना कपाटातच राहतात, त्या पकडीने मुळाशी कापा. एखादी पट्टीत राहिली तर मागच्या बाजूने ओढून काढायची, पुढून ठोकायची नाही, म्हणजे तोंडाचा भाग फाटत नाही. १८ ची खिळी असती तर डोक्याने पट्टी फाडूनच आली असती.

काटकोन
सगळ्यांचे आभार. हवेवरचा, २३ गेज, ३५ पर्यंत, पण १२ मिमीपासून घेणारा, लॉक हवाच, बिनतेलाचा मिळाला तर उत्तम, एवढं ठरलं. तीनचार मॉडेल हातात धरून बघणार आणि कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात नाक टेकवून बघणार. स्टेनलेसचा एक डबा सोबत.
शेवटचं एकच. एमडीएफच्या मोल्डिंगवर पिन मारली की भोकाभोवती बारीक टेकाड येतं असं ऐकलंय, त्याचं काय करता?

लाखेची_कांडी
१८ ने ठळक येतं, २३ ने अगदी नखाला लागेल इतपत. पिन मारल्यावर लगेच पॉलिश पेपर घेऊन धावू नका, एमडीएफचे तंतू उभे राहतात. आधी प्रायमरचा एक हात, वाळू दे, मग बारीक पेपर, मग भोक भरायचं.

आडवाहात
आणि एमडीएफच्या कडेत पिन मारणार असाल तर टोकापासून जरा लांब राहा, कड उकलते. २३ नेसुद्धा.

काटकोन
किती लांब?

आडवाहात
मी बोटभर सोडतो. पण माझं बोट जाड आहे, भंगारच्या तुकड्यावर मारून बघा.